फोनचा सर्वांत वाईट फोटो

महागड्या फोनची तुलना करण्याची एक रीत आता पक्की झाली आहे. दोन-तीन फोन शेजारी ठेवायचे, एकाच दृश्याचे फोटो काढायचे, ते पडद्यावर ताणून झाडांची पाने आणि भिंतीच्या विटा मोजायच्या. मग कॅमेऱ्याला इतके गुण, डिझाइनला इतके, रोजच्या वापराला इतके, आणि शेवटी एकाच्या गळ्यात माळ. सप्टेंबरात ॲपल, वर्षाच्या आरंभी सॅमसंग आणि मधल्या महिन्यांत गूगल, विवो, शाओमी असा हा स्वयंवराचा सोहळा बारा महिने चालू असतो. कोलकात्यातही चांदनी चौकातल्या गाळ्यांपासून सेक्टर फाइव्हच्या कचेऱ्यांपर्यंत, आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आरती आटोपून प्रसादाची वाट पाहतानाही, प्रश्न एकच ऐकू येतो: "कॅमेरा कोणाचा भारी?"

हा प्रश्नच उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. लाखाच्या वरचा फोन त्याच्या सर्वोत्तम फोटोवरून जोखण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. तो जोखायचा त्याच्या सर्वांत वाईट फोटोवरून. चाळीस हजारांच्या फोनऐवजी सव्वा लाखाचा घेताना आपण जे ऐंशी-पंचाऐंशी हजार जास्तीचे मोजतो, ते चांगला फोटो आणखी चांगला यावा म्हणून नव्हे; जिथे साधा फोन हात टेकतो तिथे हा टिकावा म्हणून. मग परीक्षाही तिथेच व्हायला हवी. अशी परीक्षा घ्यायला कोलकात्याइतके योग्य शहर मला दुसरे दिसत नाही. इथे ऊन, घाम, पाणी, गर्दी आणि पूजेची रोषणाई हे सगळे फोनच्या विरोधातच उभे असते.

१. शिखरे एकाच उंचीची

आयफोन १६ प्रो, गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा आणि पिक्सल ९ प्रो यांच्या मुख्य कॅमेऱ्यांचे सेन्सर अनुक्रमे १/१.२८, १/१.३ आणि १/१.३१ इंच या मापाचे आहेत. उजेड गोळा करण्याची त्यांची ताकद जवळपास सारखी. ॲपलला सेन्सर सोनी पुरवते, हे टिम कुक यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जपानमधल्या कुमामोतोला गेले असताना स्वतःच जाहीर केले. विवो एक्स२०० प्रोच्या ज्या २०० मेगापिक्सेलच्या टेलिफोटोची एवढी वाहवा झाली, त्यातला सेन्सर सॅमसंगचा. ज्यांची आपण झुंज लावतो, त्यांचे डोळे मोजक्या दोन-तीन कारखान्यांतून आलेले असतात.

मेगापिक्सेलच्या आकड्याचे तर विचारूच नका. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या वापरात १६ पिक्सेलांचा एक गट करतो आणि हातात येतो तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. शाओमी १५ अल्ट्राचा 'एक इंची' सेन्सर मोजायला गेलात, तर त्याचा कर्ण १६ मिलिमीटरच्या आसपास भरतो. 'एक इंची' हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या काळापासून चालत आले आहे. तो सेन्सर इतरांपेक्षा मोठा आहे आणि अंधारात त्याचा फायदा होतो, हे खरेच. पण खोक्यावरच्या आकड्यावरून तो फायदा कळत नाही.

गुणतक्त्यांचीही तीच गत. फ्रान्सची डीएक्सओमार्क ही चाचणी-संस्था मनापासून मेहनत करते, पण गेल्या काही वर्षांत तिच्या यादीच्या माथ्यावर बहुतेकदा हुआवेचे फोन राहिले आहेत आणि हुआवे ते फोन भारतात विकतच नाही. जो घेताच येत नाही त्या फोनच्या पहिल्या नंबराचे आपण काय करायचे?

भर दुपारी मैदानातून व्हिक्टोरिया मेमोरियलचा फोटो काढला, तर यातला कोणताही फोन तो देखणाच काढील, चाळीस हजारांचाही काढील. शिखरे एका उंचीची झाली की डोंगरांची तुलना दऱ्यांवरूनच करावी लागते.

२. तुलना निर्णयांची असते

डोळा सारखा असूनही चित्र वेगळे येते, कारण फोन फोटो 'घेत' नाही, ठरवतो. बटण दाबण्याआधीपासूनच तो चौकटी साठवत असतो. त्यातल्या अनेक एकमेकींवर बसवतो, आकाश ओळखतो, चेहरा ओळखतो, सावली किती उचलायची ते ठरवतो, खरखर पुसतो, कडा घोटतो. गूगलने २०१८ मध्ये पिक्सल ३ बरोबर 'नाइट साइट' आणले, तेव्हापासून अंधारातला फोटो ही भिंगापेक्षा गणिताची करामत जास्त झाली. आयफोनचा फोटो आणि गॅलेक्सीचा फोटो यांत जो फरक दिसतो तो दोन यंत्रांचा कमी, आणि क्युपरटिनो व सुवॉन इथे बसलेल्या दोन चमूंच्या आवडीनिवडींचा जास्त असतो.

मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि दूर उभे राहून गॅलेक्सी एस२३ अल्ट्राने टिपला. मूळ चित्रात नसलेली विवरे फोनने काढलेल्या फोटोत स्पष्ट उमटली. सॅमसंगने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि तपशील ठळक करायला शिकवलेली प्रणाली त्यावर चालवतो. बराच गदारोळ झाला. खरे तर चंद्राचे काही बिघडले नाही, तो सर्वांना तीच बाजू दाखवतो. पण हीच सवय हावड्याच्या घाटावरून पलीकडच्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर वापरून पाहा. पाटीवरची बंगाली अक्षरे लांबच्या झूममध्ये अक्षरांसारखी दिसतात, वाचायला गेलात तर एकही लागत नाही. फोनला अक्षर दिसलेले नसते. इथे अक्षर असावे एवढाच त्याचा कयास असतो. कयास चुकला तरी तो चित्र धूसर ठेवत नाही, खोटे पण चकचकीत करून देतो. जुन्या कॅमेऱ्याची चूक निदान चूक म्हणून दिसायची.

या बाबतीत मला गूगलचे एक पाऊल आवडते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या पिक्सल १० प्रोमध्ये फार लांबच्या झूमला चित्र घडवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता लावली आहे, म्हणजे कयास उघडउघड वाढवलाच आहे. पण फोटो कसा घडला याची नोंदही फोन फाइलमध्ये ठेवतो. ही नोंद तुलनेच्या तक्त्यात यायला हवी, पण मेगापिक्सेलच्या रांगेत तिला जागा मिळत नाही.

निर्णय वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. निर्णयाशिवाय फोटोच नाही. याच कोलकात्यात छायालेखक सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो' या चित्रपटासाठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा केला असताना वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर मारून तो खाली परतवला. उघड्या आभाळातून झिरपणारा, सावली न पाडणारा बनारसी उजेड त्यांना तिथे हवा होता. तो उजेड त्यांना ठाऊक होता, म्हणून निर्णय अचूक ठरला. आपल्या फोनमधला निर्णय घेणाऱ्यांनी कोणता उजेड पाहिलेला असतो, हा प्रश्न इथूनच निघतो.

३. धुनुचीसमोर

पूजेच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या संध्याकाळी, कोणत्याही मोठ्या मंडपात जा. कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले; फोनच्या कॅमेऱ्यांसाठी ती परीक्षा आहे हे मात्र युनेस्कोने कुठे म्हटलेले नाही. ढाक कडाडत असतो. नाचणाऱ्याच्या हातात धुनुची असते, म्हणजे आपल्याकडचे धुपाटणे, फक्त मोठे. त्यात नारळाच्या काथ्याचा निखारा आणि त्यावर राळ. कधी एक हातात, एक दातांत. धूर भसाभसा उठतो, मागे देवीच्या मुकुटावर झोत आहेत, भोवती चंदननगरच्या कारागिरांची एलईडी रोषणाई आहे आणि नाचणाऱ्याचा चेहरा मात्र अर्धा अंधारात.

आता फोनच्या बाजूने विचार करा. उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. नाचणाऱ्याचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरतो असे धरले, तर सेकंदाच्या तिसाव्या भागात तो सुमारे सात सेंटीमीटर सरकतो. चित्रात हाताच्या जागी फराटा. अडीचशेव्या भागात तोच हात आठ मिलिमीटर सरकतो, बोटे मोजता येतात. पण तेवढ्या वेळात उजेड आठव्या हिश्शाहूनही कमी मिळतो आणि चित्र खरखरीत होते. तिसरी अडचण दिव्यांची. आपल्या विजेवरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, सजावटीच्या एलईडी माळा त्यांच्या स्वतःच्या तालात उघडझाप करतात. शटर फार वेगात नेले तर चित्रावर काळे-पांढरे आडवे पट्टे येतात. वेग वाढवावा तर पट्टे, कमी करावा तर फराटा.

शिवाय धूर आहेच. अनेक चौकटी एकमेकींवर बसवताना फोन प्रत्येकीत काय स्थिर आहे ते शोधतो. धुरात स्थिर असे काहीच नसते. खरखर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला धुराचा नाजूक पोत आणि सेन्सरची खरखर यांतला भेद पुष्कळदा कळत नाही. दोन्ही पुसले जातात आणि धुराच्या जागी पातळ लापशी पसरल्यासारखी दिसते. मागे मूर्ती असते. तिचाही चेहरा ओळखून फोन त्यावर चौकट आणतो आणि कधीकधी फोकसही तिच्याकडेच वळवतो. देवी सुरेख, नाचणारा धूसर.

या एका प्रसंगात कंपन्यांचे स्वभाव उघडे पडतात. सॅमसंगच्या फ्लॅगशिपवर हलत्या विषयाची तक्रार जुनी आहे: चित्र स्वच्छ यावे म्हणून ते शटर सावकाश ठेवतात आणि मुले, पाळीव प्राणी, नाचणारे लोक अस्पष्ट येतात. आयफोन आणि पिक्सल क्षण पकडण्याला झुकते माप देतात. पण आयफोनच्या भिंगांत दिव्यांची प्रतिबिंबे उमटण्याची खोड आहे. अंधारात प्रखर ठिपक्यांसारखे दिवे आले की चित्रात दिव्यांच्या विरुद्ध बाजूला हिरवट ठिपके तरंगतात, आणि पूजेच्या मंडपात प्रखर ठिपक्यांखेरीज असते काय? मोठ्या सेन्सरचे विवो आणि शाओमी अंधाराला पुरून उरतात, मात्र रंग इतके खुलवतात की सिंदूर खेळताना गालावरचा सिंदूर एक सपाट लाल धब्बा होतो. बोटांच्या रेघा आणि खाली ओघळलेली भुकटी त्यात हरवते. लाल रंगाचा कळस गाठला की त्यातला तपशील आधी मरतो.

झूमची फसवणूक वेगळीच. गर्दीत मागे उभे राहून तुम्ही पाचपटीचे बटण दाबता. अंधार असेल तर कित्येक फोन टेलिफोटो भिंग वापरतच नाहीत. मुख्य कॅमेऱ्याच्या चित्राचा मधला भाग कापून मोठा करून देतात. कारण टेलिफोटोचा सेन्सर छोटा आणि भिंग मंद असते. पडद्यावर मात्र 'पाच' हा आकडा तसाच दिमाखात. ज्या भिंगासाठी वीस-तीस हजार जास्त दिले ते, ज्या रात्री त्याची गरज होती त्याच रात्री, झोपलेले असते. विवो एक्स२०० प्रोने टेलिफोटोला मोठा सेन्सर दिला तो याच दुखण्यावर, म्हणून त्याचे कौतुक मला रास्त वाटते.

४. सावळा चेहरा

चित्रातली सर्वांत महाग चूक चेहऱ्याची. झाड थोडे जास्त हिरवे झाले तर कोणी रडत नाही. आजीचा चेहरा राखाडी झाला किंवा भाचीचा विनाकारण गोरा झाला, तर तो फोटो वाया गेला. फिल्मच्या काळात रंग जुळवायची संदर्भचित्रे गोऱ्या स्त्रियांची असत आणि तो कल डिजिटल काळातही बरीच वर्षे टिकला. गूगलने २०२१ मध्ये पिक्सल ६ बरोबर 'रियल टोन' नावाने गडद त्वचेसाठी वेगळे काम केले. इतरांनीही नंतर सुधारणा केल्या. पण सौंदर्य खुलवण्याच्या नावाखाली चेहरा उजळ आणि गुळगुळीत करण्याची सोय आपल्या बाजारातल्या पुष्कळ फोनांत आहे, आणि ती बंद केली तरी तिची थोडी सावली उरते असा अनुभव अनेकांना येतो.

'गोरी वधू पाहिजे' छापणाऱ्या समाजात ही तांत्रिक बाब राहत नाही. पिवळ्या बल्बखाली, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या सावळ्या माणसाचा फोटो हीच माझ्या लेखी पहिली कसोटी. चेहरा दिसावा म्हणून मागची खिडकी जळाली तरी चालेल, चेहऱ्याचा रंग तोच राहायला हवा. तुलनांमध्ये मॉडेल म्हणून बहुधा स्वतः परीक्षक उभा असतो, चांगल्या उजेडात. तिथे ही परीक्षा होतच नाही.

५. कव्हरखालचे टायटॅनियम

डिझाइनच्या तुलनेवर मला जास्त शाई घालवायची नाही, कारण भारतात डिझाइनचे आयुष्य दुकानातून बाहेर पडेपर्यंतच असते. खोके उघडते, फोन हातात येतो, 'वा' म्हणून होते, आणि तिथेच सिलिकॉनचे कव्हर आणि काचेचा गार्ड चढतो. त्यानंतर तो धातू पुन्हा दिसतो तो फोन विकतानाच. गॅलेक्सी एस२४ अल्ट्राच्या पडद्यावर परावर्तन खूप कमी करणारी काच आली, रणरणत्या उन्हात ती खरोखर उपयोगी पडते. पण तिच्यावर दोनशे रुपयांचा गार्ड लावला की तो गुण गेला. दुकानदार गार्ड लावायला सांगतो, तुलना करणारा हे सांगत नाही.

एका गोष्टीत मात्र डिझाइन थेट दऱ्यांपर्यंत पोहोचते. ती म्हणजे उष्णता. ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोला टायटॅनियमची चौकट दिली. सुरुवातीला फोन तापण्याच्या तक्रारी आल्या, कंपनीने सॉफ्टवेअरमधला दोष आणि काही ॲप्स यांच्याकडे बोट दाखवून अपडेट दिले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, आयफोन १७ प्रो पुन्हा ॲल्युमिनियममध्ये आला आणि ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या वीसपट उष्णता वाहून नेते हे कंपनीनेच सांगितले. जे टायटॅनियम दोन वर्षे 'प्रीमियम' म्हणून गुण खात होते, त्याचा हा उणेपणा पहिल्या दिवसापासून तसाच होता. वजन वाचले म्हणून त्याला मिळालेले गुण खोटे नव्हते, पण उन्हाळ्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

आणि आपला उन्हाळा पाहा. ३० एप्रिल २०२४ ला अलीपूरच्या वेधशाळेत ४३ अंशांची नोंद झाली. आयफोन वापरायला ॲपलने सांगितलेली भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंशांची आहे. त्यापुढे फोन पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवू शकतो, फ्लॅश बंद करतो. कोलकात्याचे कित्येक दिवस कंपनीच्या पुस्तिकेबाहेरच असतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून भर उन्हात वीस मिनिटे व्हिडिओ काढल्यावर कोणता फोन चालू राहतो, हा प्रश्न पाठीमागचा रंग कोणता यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

६. रोजचा वापर म्हणजे काय

भारतातला पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ ला याच शहरातून झाला. रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पैसे पडत आणि आलेल्या फोनचेही भरावे लागत. आज तीस वर्षांनी फ्लॅगशिपच्या तुलनेत बोलणे ऐकू येते की नाही याला एक ओळसुद्धा मिळत नाही. हुगळीखालून धावणाऱ्या मेट्रोत, सप्तमीच्या गर्दीत नेटवर्क गुदमरलेले असताना, कोणता फोन लागतो? गर्दीत चुकलेल्या मुलाला शोधणाऱ्या बापाला त्या क्षणी टेलिफोटोचे सोयरसुतक नसते.

२२-२३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, पूजा तोंडावर असताना, शहरात सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस कोसळला. रस्ते बुडाले, विजेच्या धक्क्याने माणसे गेली. अशा दिवशी फोन म्हणजे टॉर्च, फोन म्हणजे नातेवाइकांचा ठावठिकाणा. त्याच्यावर 'आयपी ६८' लिहिलेले असते, म्हणजे प्रयोगशाळेत स्वच्छ, स्थिर पाण्यात ठरावीक खोलीवर अर्धा तास. गटाराचे पाणी मिसळलेला रस्ता त्या चाचणीत नाही, आणि पाण्याने झालेल्या बिघाडाची दुरुस्ती सामान्य वॉरंटीत सहसा बसत नाही. कंपन्या जाहिरातीत फोन पाण्यात बुडवतात, वॉरंटीच्या कागदात बाहेर काढतात.

बॅटरीबद्दल एवढेच. सॅमसंगच्या अल्ट्राने २०२० मध्ये ५००० मिलिॲम्पिअर-तासाची बॅटरी दिली आणि २०२५ च्या एस२५ अल्ट्रातही तीच होती. विवो एक्स२०० प्रो ६००० वर गेला आहे. उलट दिशेने पाहिले तर सॅमसंग आणि गूगल सात वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात, आणि दीर्घ वापरात हे वचन हजार-दोन हजार मिलिॲम्पिअर-तासांपेक्षा मोलाचे. पण सात वर्षांत बॅटरी एकदा तरी बदलावीच लागते. ती कोण, किती दिवसांत, किती पैशांत बदलून देतो हे विकत घेण्याआधी विचारणारा ग्राहक मला अजून दुकानात दिसायचा आहे.

७. आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल: वाईट फोटो मोजायचा कसा, तोही आवडीनिवडीचाच भाग नाही का? मला उलट वाटते. कोणता फोटो सुंदर, यावर दोघांचे एकमत होणार नाही. कोणता फोटो पुसून टाकण्यालायक, यावर बहुधा होते. एकाच प्रसंगाचे वीस फोटो घ्या, त्यातले किती पुसावे लागले ते मोजा. सौंदर्याच्या गुणांपेक्षा हा आकडा जास्त वस्तुनिष्ठ आहे, आणि कोणत्याही चाचणी-संस्थेशिवाय मिळतो.

दुसरा आक्षेप: लोकांनाच निवडू द्या की. हे झालेले आहे. मार्केस ब्राउनली या अमेरिकी परीक्षकाने डिसेंबर २०२२ मध्ये सोळा फोनांचे फोटो नाव न सांगता लोकांपुढे ठेवले आणि कोट्यवधी मते गोळा केली. सर्वांत वर आला पिक्सल ६ए, जो भारतात ४३,९९९ रुपयांना आला होता आणि ज्यात जुन्या पिढीचा १२ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. आयफोन १४ प्रो बराच खाली राहिला. यावरून 'महाग फोन म्हणजे लूट' असा निष्कर्ष काढणारे बरेच निघाले. मला त्यातून दिसते ते वेगळे: दोन चित्रे छोट्या पडद्यावर शेजारी ठेवली की डोळा उजळ चित्राकडे जातो, आणि स्थिर, निवांत विषयात स्वस्त फोन महागाला गाठतो. म्हणजे लोकांनी शिखरांनाच मते दिली. धुनुचीवाल्याचे वीस फोटो, त्यातले पुसलेले धरून, मतदानाला ठेवले असते तर निकाल काय लागला असता, हे त्या चाचणीवरून कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सरळ आहे: बहुतेक लोक चांगल्या उजेडात जेवणाचे नि सहलीचे फोटो काढतात, त्यांना दऱ्यांशी काय देणेघेणे? काही नाही. आणि म्हणूनच त्यांना फ्लॅगशिपशीही काही देणेघेणे नाही. त्यांनी मधल्या किमतीचा फोन घ्यावा, उरलेल्या पैशांत सहकुटुंब दार्जिलिंगला जाऊन यावे. हप्त्यांवर लाखाचा फोन घेऊन त्यातून फक्त व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे, कारण व्हॉट्सॲप तो फोटो आधी पिळूनच पुढे ढकलते.

चौथा आक्षेप मला गंभीर वाटतो. फोटो कधी खरा होता? एस. एन. बॅनर्जी रोडवरच्या बोर्न अँड शेफर्डसारख्या स्टुडिओंच्या काळातही निगेटिव्हवर हात फिरत असे, कृष्णधवल चित्रांना रंग चढत, सुरकुत्या जात. मग फोनने तेच केले तर बिघडले कुठे? फरक असा की तिथे हात फिरवायला ग्राहक सांगत असे, निदान त्याला ते ठाऊक असे. मूळ निगेटिव्ह कपाटात राही. फोनमध्ये मूळ असे काही उरतच नाही, रॉ फाइल आठवणीने चालू केली असेल तर वेगळे. बोर्न अँड शेफर्डच्या संग्रहाचा मोठा भाग १९९१ च्या आगीत गेला आणि २०१६ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला. जपलेले मूळही नष्ट होते, हे मान्य. पण जळून जाणे आणि पहिल्यापासून नसणे यांत फरक आहेच.

८. मग कोणता घ्यावा

एवढे सगळे ऐकवल्यावर नाव न घेता निसटणे बरे नव्हे. हलती माणसे, घरातली मुले आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ, ही गरज असेल तर आयफोनचा प्रो. रोषणाईतले हिरवे ठिपके सोसायची तयारी ठेवून. सावळ्या चेहऱ्यांच्या घरात, जिथे फोटो म्हणजे नव्वद टक्के माणसेच, तिथे पिक्सल. दूर उभे राहून अंधारात मंच किंवा मूर्ती टिपायची असेल तर विवो एक्स२०० प्रो, लाल रंग थोडा उतरवून. उन्हात हिंडून काम करणाऱ्याला, गार्ड न लावण्याची हिंमत असेल तर, सॅमसंगचा अल्ट्रा. आणि सात वर्षांच्या अपडेटचे वचन असलेला फोन एक वर्ष जुना झाला की त्याची सहा वर्षे उरतात, किंमत मात्र सहसा बरीच उतरलेली असते. दोन पिढ्यांच्या कॅमेऱ्यांत तेवढ्या पैशांचा फरक मला एकदाही दिसलेला नाही.

दुकानात गेलात तर समोरच्या झगमगीत टेबलाचा फोटो काढू नका, तिथे सगळेच पास होतात. बरोबरच्या माणसाला दाराशी, उजेडाकडे पाठ करून उभे करा, हात हलवत बोलायला सांगा आणि वीस फोटो घ्या. पुसण्यालायक किती निघाले ते मोजा, आणि मगच किमतीची पाटी वाचा.